त्रेचाळीस गोटे

सोमवारी सकाळी पुन्हा चार मासोळ्या मेल्या आणि या खेपेस त्या हर्षित सरांच्या नजरेला पडल्या. इथंच सगळी पंचाईत झाली. एरवी जिजाबाई सातलाच येऊन हळूच जाळी फिरवायची, मेलेल्या मासोळ्या बाहेरच्या कुंडीत पुरायची आणि लेकरांना पत्ता लागू द्यायची नाही. पण त्या दिवशी तिची बस चुकली, आणि सर मात्र साडेसातलाच येऊन हॉलमध्ये उभे.

जिजाबाई ही धंतोलीतल्या, लहान मुलांच्या किडनीच्या हॉस्पिटलातली सर्वांत जुनी आया. वय सत्तावन्न, गुडघे कुरकुरणारे, पण आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरचा वॉर्डबॉय खाली ओढून आणावा. डॉक्टरांसकट सगळे तिला मावशी म्हणत. हर्षित सर तिथले नवे मॅनेजर, येऊन सहा महिने झालेले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. फक्त त्यांना सगळं चकाचक लागायचं, आणि त्यांच्या चकाचक हॉलच्या ऐन मधोमध ही मासोळ्या मारणारी टाकी होती.

टाकी चांगली पाच फुटी. सुजलेल्या डोळ्यांची, फुगलेल्या पोटाची लेकरं सगळ्या विदर्भातून इथं यायची, सुई पाहिली की हंबरडा फोडायची, आणि या काचेला नाक लावलं की गप्प व्हायची. पण जिजाबाईचा जीव मासोळ्यांपेक्षा त्या टाकीतल्या दगडांत होता. अकरा वर्षांपासूनचा रिवाज होता तो. जे लेकरू बरं होऊन घरी जाई, ते पहिल्या तपासणीला परत येताना आपल्या गावचा एक गोटा घेऊन येई, आणि जिजाबाई तो आपल्या हातानं टाकीत ठेवी. असे त्रेचाळीस गोटे जमले होते. कोणाचं नाव कुठं लिहिलेलं नव्हतं, सगळं मावशीच्या डोक्यात. काळा चपटा तो उमरखेडचा, तांबूस तो अहेरीचा, टोकाचा तो कारंज्याच्या जुळ्या पोरांपैकी थोरल्याचा. नवी, घाबरलेली कोणी आई आली की मावशी तिला हाताला धरून काचेपाशी न्यायची आणि एकेक गोटा दाखवत म्हणायची, "हे पाह्य बाई. हे सारे घरी गेले." त्या बाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा रंग यायचा तो तिथं.

चार महिन्यांपूर्वी सरांनी हॉल नवा केला तेव्हा टाकीही नवी आली. जुन्या ढब्बू गोल्डफिश कोणाच्या तरी घरी गेल्या, त्यांच्या जागी निळी रेघ चमकवणाऱ्या इवल्याशा टेट्रा आल्या, तळाला पांढरेशुभ्र खडे आले. गोटे मात्र जिजाबाईनं भांडून परत आत घातले होते. आणि तेव्हापासून मासोळ्या मरत होत्या.

अकरा वाजता टाकी बसवणारा प्रीतम आला. त्यानं पाणी तपासलं आणि निदान ठोकून दिलं.

"पाणी जड झालं आहे सर. चुना उतरून राहिला पाण्यात. मी पहिल्या दिवसापासून सांगून राहिलो, हे गावठी दगड काढा. यात कुठला चुन्याचा असन, कुठला खाणीकडचा, धातूचा. ॲक्वेरियममध्ये कोणताही दगड चालत नाही."

"अन् अकरा वर्षं मासोळ्या जगल्या त्या काहून जगल्या?" जिजाबाईनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

"त्या गोल्डफिश होत्या, मावशी. त्यायले जड पाणी चालते. टेट्राले नरम पाणी लागते."

प्रीतमचं हे म्हणणं बिनतोड होतं, आणि जिजाबाईला ते मुळीच सोसलं नाही.

हर्षित सरांनी घड्याळ पाहिलं. "मावशी, शनिवारी दुरुस्तीच्या मलब्याची गाडी येते आहे. तिच्यात हे दगड जाऊ द्या. मेलेले मासे पाहून पालकांना काय वाटत असेल, सांगा तुम्हीच."

मलब्यात! उमरखेडचा, अहेरीचा, सगळ्यांचा गोटा फुटक्या टाइल्सबरोबर. त्रेचाळीस घरांना तिनं आपल्या तोंडानं सांगितलं होतं, तुमच्या लेकराचा गोटा मी सांभाळीन म्हणून.

"सर, एक चोर असन तर साऱ्या गावाले काहून मारता?" ती म्हणाली. "शनिवारपर्यंत थांबा. कोनता गोटा खराब, कोनता चांगला, ते मी दाखवून देते. खराब निघाला तो मीच गाडीत टाकीन."

"आणि ओळखणार कसं तुम्ही?"

"लिंबानं," जिजाबाई म्हणाली, आणि सरांना हसू आलं. पण शनिवार त्यांनी दिला.

आता लिंबाची गोष्ट अशी. जिजाबाईचं माहेर भिवापूरचं, जिथं मिरचीशिवाय माणसाचं पान हलत नाही. तिची आई बाजारात पाटा घ्यायला निघाली की पदराला लिंबू बांधून निघायची. पाटेवाला तिला पाहिलं की तोंड वाकडं करायचा. ती नुसता दगड पाहायची नाही. दुसऱ्या दगडानं त्याला घासायची, पिठासारखी कणी पाडायची आणि त्या कणीवर लिंबू पिळायची. कणी फसफसली की पाटा नापास. आंबट चटणी वाटली की असला पाटा झिजतो आणि चटणीतून पोटात जातो, असं आईचं म्हणणं. आईला चुना-बिना काही ठाऊक नव्हतं, पण तिचा पाटा तीस वर्षं टिकला.

दुपारी जिजाबाईनं सगळे गोटे बाहेर काढले, मागच्या गॅलरीत जुन्या चादरीवर मांडले आणि कँटीनमधून अर्धा डझन लिंबं उचलली. डायलिसिस विभागातला टेक्निशियन संघपाल चहा घेऊन तिथून चालला होता.

"मावशी, एवढी चटणी कोणासाठी करून राहिल्या?"

"तुह्यासाठी. बस इथं अन् पाह्य."

तिनं कसं करायचं ते दाखवलं, तशी त्याची थट्टा विरली. पोरगा हुशार होता. "बरोबर आहे मावशी. आंबट लागलं की चुना उकळी मारतो. पण सर एवढ्यानं नाही मानणार. त्यायले मशीनची साक्ष पाहिजे." त्यानं चहा खाली ठेवला. "आपल्याकडं डायलिसिसचं पाणी असते ना, एकदम निर्मळ? त्यात चुना गेला तर लेकराच्या रक्तात जाईन, म्हणून मी रोज सकाळी पट्टी बुडवून पाहतो. पट्टी निळी राहिली तर पाणी नरम, लाल झाली तर जड. एकेक गोटा वेगळ्या डब्यात त्या पाण्यात ठेवू. शनिवारपर्यंत ज्याच्यात चुना असन, तो पाण्यात उतरनच."

"मंग लिंबू काहून पिळून राहिलो आपन?"

"लिंबू चोर दाखवन, पट्टी गवाही देईन. दोन्ही पाहिजे."

जिजाबाईला हे फारच पटलं. संघपाल डबे जमवायला गेला आणि तिनं काम सुरू केलं. घासायचं, पिळायचं, डोळे बारीक करून पाहायचं, पुसायचं. काळे गोटे एकामागून एक पास होत गेले; आपल्याकडचा काळा दगड लिंबाला भीक घालत नाही. पांढरी गारगोटी पास, अहेरीचा तांबूस पास. एक जड दगड मात्र तिनं लिंबाआधीच बाजूला काढला, त्याच्यात चमकती रेघ होती आणि रेघेच्या कडेला गंज. तो खाणीकडच्या गावातून आलेला. त्याच्याबद्दल प्रीतमचं खरं होतं, हे तिनं मनातल्या मनात कबूल केलं. पुढं वर्ध्याकडचा एक फसफसला, चंद्रपूरकडचा एक फसफसला. ठीक आहे, दोन-तीन तर निघणारच.

मग हातात आला तो सगळ्यांत पहिला गोटा. पांढरट, मुठीएवढा, एका बाजूनं सपाट. करिष्माचा. सावनेरकडची चार वर्षांची पोरगी होती ती, अंगभर सूज घेऊन आलेली, सव्वा महिना राहिलेली. जिजाबाईच्या हातूनच जेवायची, दुसऱ्या कोणाच्या नाही. तपासणीला परत आली तेव्हा मूठ पुढं करून म्हणाली होती, आमच्या कोलार नदीचा आहे, मासोळीले बसायले. तिथून हा सगळा रिवाज सुरू झाला होता.

जिजाबाईनं घासलं, पिळलं. कणी फसफसली. तिनं पुसलं, दुसऱ्या बाजूनं घासलं, नवं लिंबू कापलं. पुन्हा फसफसली, पहिल्यापेक्षा जास्त.

गॅलरीत कोणी नव्हतं. गोटा पदराआड घालून त्याच्या जागी बागेतला कोणता तरी काळा ठेवला असता तर देवालाही कळलं नसतं. जिजाबाईच्या मनात ते आलं, खोटं कशाला बोला. पण मग ती टाकीपाशी उभी राहून कोणत्या तोंडानं सांगणार होती, की हा करिष्माचा म्हणून? तिनं गोटा खराबांत ठेवला आणि तिथंच बसून सरळ रडून घेतलं. रडणं आटोपल्यावर तिनं जुन्या वहीतून करिष्माच्या आजोबांचा, वामनरावांचा नंबर काढला आणि फोन लावला.

"वामनराव, लिंबू पिळलं तर तुमच्या पोरीचा गोटा फसफसला जी, खराब निघाला. मासोळ्या मरून राहिल्या. ठेवता नाही येत."

"कोलारचा गोटा? खराब?" म्हातारा म्हणाला. "शनिवारी येतो मी." आणि फोन बंद. म्हाताऱ्यानं गावभर सांगितलं होतं, आमच्या नदीचा दगड नागपूरच्या दवाखान्यात बसवला आहे म्हणून.

संध्याकाळी गॅलरीत त्रेचाळीस डबे रांगेनं लागले. कँटीनचे, लोणच्याचे, पालकांनी विसरलेले टिफिन, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि गावाचं नाव. जिजाबाईनं चादर झटकली तसे गोट्यांबरोबर आलेले दोन पांढरे खडे घरंगळले, टाकीच्या तळाचे. तिनं सहज एकावर लिंबू पिळलं. काही झालं नाही.

"तो चांगलाच असन मावशी," संघपाल म्हणाला. "दुकानातून खास मागवलेला आहे."

जिजाबाईनं खडा बोटांत फिरवला. तो तेल चोपडल्यागत गुळगुळीत होता, त्याच्यावर कसली तरी चमक चढवलेली. "माही माय असती तर म्हणाली असती, चकाकत्या पाट्याले लिंबू काय लागन? कणी पाड." तिनं दोन्ही खडे उमरखेडच्या काळ्या दगडावर करकरून घासले. पिठासारखी भुकटी पडली. लिंबू पिळलं. क्षणभर काहीच नाही, आणि मग हळूहळू, सावकाश, भुकटीवर फेस चढला. संघपालनं चव्वेचाळिसावा डबा आणला आणि त्यात मूठभर पांढरे खडे टाकले.

प्रीतमनं सोमवारीच टाकीचं अर्धं पाणी बदललं होतं. आत आता एकही गोटा नव्हता. तरी गुरुवारी आणखी दोन टेट्रा उलट्या तरंगल्या. "जुन्या दगडांचा असर आहे, जाता जाता जाईन," प्रीतम फोनवर म्हणाला. सर गोंधळले. जिजाबाईनं ओठ घट्ट मिटून ठेवले. शनिवारपर्यंत ओठ मिटून ठेवणं हे तिच्या आयुष्यातलं सर्वांत कठीण काम होतं, आणि तिनं ते केलं.

शनिवारी दहा वाजता मलब्याची गाडी फाटकात येऊन लागली. चव्वेचाळीस डबे हॉलमधल्या लांब बाकांवर मांडलेले. हर्षित सर आले, प्रीतम आला. ओपीडीचा दिवस, पालकांची गर्दी. हे काय चाललंय म्हणून सगळे जवळ सरकले. संघपालनं आधी नुसत्या पाण्यात पट्टी बुडवून सर्वांना निळी दाखवली, मग पहिल्या डब्याला हात घातला.

"उमरखेड. निळी."

"अहेरी. निळी."

"कारंजा, थोरला. निळी."

दहा-बारा डबे झाले आणि हॉलमध्ये मॅट्रिकचा निकाल लागत असल्यासारखं वातावरण झालं. मागून कोणी म्हणालं, "आमच्या पुसदचा आहे काय जी त्यात?" होता, आणि पास झाला, तसा तो माणूस शेजाऱ्याची पाठ थोपटू लागला. वर्ध्याकडचा लाल झाला तेव्हा एक बाई चुकचुकली. चंद्रपूरकडचा लाल. सावनेर लाल. जिजाबाईनं तिन्ही गोटे आपल्या हातानं उचलून वेगळ्या पाटीत ठेवले, गंजाच्या रेघेचाही त्याच्या डब्यातून काढून त्यांच्यात घातला.

"त्रेचाळिसांत चार खराब," ती सरांना म्हणाली. "एकोनचाळीस चांगले. माह्या शब्दाप्रमानं चार गाडीत जातीन. आता हा शेवटचा पाहा."

संघपालनं चव्वेचाळिसाव्या डब्यात पट्टी बुडवली. बाहेर आली ती इतकी लाल की बाकीच्या तिन्ही तिच्यापुढं फिक्या.

"हे कोणतं गाव?" सरांनी विचारलं.

"हे गाव नाही सर. हे टाकीतले पांढरे खडे आहेत."

प्रीतमचा चेहरा उतरला. "पट्टी खराब असन." त्यानं स्वतः नवी पट्टी घेतली, नुसत्या पाण्यात बुडवली, निळी. डब्यात बुडवली, लाल. तो खाली बसला, डब्यातला एक खडा घेतला, खिशातल्या चावीनं त्याची चमक खरवडली आणि आतला पांढरा दगड बराच वेळ पाहत राहिला. "संगमरवराचा चुरा आहे," तो शेवटी म्हणाला. "मले ठोक व्यापाऱ्यानं सांगितलं ॲक्वेरियमचे म्हणून, मी मानलं. मावशी, चूक माही आहे. मी गावठी दगडांवर बोट ठेवत होतो."

हे ऐकल्यावर जिजाबाई त्याला चार शब्द सुनावील अशी सगळ्यांची अपेक्षा होती, आणि तिचीही तीच तयारी होती. पण माणसानं भर हॉलात कबूल केलं, आता काय बोलायचं. "चार तर माह्याकडचेही निघाले," ती म्हणाली, आणि त्याला हात देऊन उठवलं.

हर्षित सरांनी एकवार फाटकातल्या गाडीकडे पाहिलं, मग बाह्या वर केल्या. "पांढरे खडे काढा," ते म्हणाले. "सगळे. आणि मावशी, ते एकोणचाळीस तुम्ही स्वतः लावा, तुम्हाला हवे तसे."

जिजाबाईनं पदर तोंडाशी धरला. अख्खा हॉल टाळ्या वाजवू लागला, ज्याला काही कळलं नव्हतं तोही.

पाटी-पाटीनं खडे गाडीत पडत होते, तेवढ्यात वामनराव आले. काठी टेकत, धापा टाकत, आणि मागून एक उंच, सडपातळ पोरगी, वेणी घातलेली. जिजाबाईनं तिला ओळखलंच नाही. डोळ्यांखाली सूज असलेलं ते गोळ्यासारखं लेकरू तिच्या मनात अजून चार वर्षांचं होतं.

"बाई, कोलारचा गोटा खराब निघूच शकत नाही," म्हाताऱ्यानं दारातूनच सुरुवात केली. "आमच्या नदीत सारे काळे गोटे. पांढरा आमच्याकडं मिळतच नाही."

"पांढराच होता जी. हा पाहा."

वामनरावांनी गोटा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "हा मी दिलाच नव्हता," ते म्हणाले आणि नातीकडं वळले.

करिष्मा काचेकडं पाहत उभी होती. कान लाल झाले होते. "आबा, तुम्ही दिलेला बसमध्येच पडला होता," ती म्हणाली. "मी भ्याली. मावशीले गोटा आणून देईन म्हटलं होतं. इथं वरच्या मजल्याचं बांधकाम चालू होतं, फाटकाजवळ ढीग होता. त्यातला उचलला."

मग जिजाबाई बाकावर बसली आणि हसायला लागली, ते थांबेना. "म्हंजे अकरा वर्षं मी साऱ्यायले धंतोलीचा मलबा दाखवून राहिली होती वं?" वामनराव आधी रागावले, मग त्यांनाही हसू आवरेना. सर हसले, प्रीतम हसला, संघपालनं डब्यावरची सावनेरची पट्टी काढून तिथं धंतोली लिहिलं.

"आता आणला आहे," करिष्मा म्हणाली आणि तिनं ओढणीतून एक काळाभोर, वाटोळा गोटा काढला. "परवा मीच पाण्यात उतरून काढला. आणि लिंबूही आणलं आहे."

जिजाबाईनं तिलाच घासायला लावलं, तिलाच पिळायला लावलं. कणी ढिम्म. तरी तिनं तो टाकीत घालू दिला नाही. "चार दिवस डब्यात बसन, पट्टी निळी निघन, मंगच पान्यात. तुह्या गोट्याले सूट नाही."

काचेपाशी एक बाई उभी होती. बुधवारी आली होती, भामरागडकडून, कडेवर तीन वर्षांचा सुजलेला पोरगा. चार दिवस ती कोणाशी बोलली नव्हती. जिजाबाईनं दोनदा तिला गोटे दाखवायचं मनात आणलं होतं, पण दाखवायला टाकीत गोटेच नव्हते. ती आता गोट्यांकडं पाहतच नव्हती. ती करिष्माकडं पाहत होती, तिच्या हातांकडं, तिच्या सडपातळ पायांकडं.

"हीच ती गोटेवाली?" तिनं हळूच विचारलं. "हिलेही असंच होतं?"

"याच्याहून जास्त," जिजाबाई म्हणाली. "डोळे उघडत नव्हते पोरीचे."

बाईनं कडेवरचं लेकरू जरा वर सरकवलं. मग म्हणाली, "आमच्या नदीत काळेही आहेत अन् लालही आहेत. कोनता चालन, मावशी?"

"दोन्ही घेऊन ये," जिजाबाई म्हणाली. "मी पाहून घेते."